दोन तुकड्यांची बंदूक

मुर्तुझाभाईंनी काचेच्या कपाटातून लांबलचक रायफल काढली आणि आमच्या ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला आणि तसंच उभं राहून मला विचारलं, "कशी दिसते?"

कशी वाटते असं नाही, कशी दिसते. मी मागच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, "लांब आहे."

"लांबच पाहिजे. जीपच्या खिडकीतून नळी बाहेर दिसली पाहिजे. काय भाई?"

मुर्तुझाभाई सोलापुरातले जुने बंदूकवाले. पांढरी दाढी, डोक्यावर जरीच्या काठाची टोपी, बोलणं मऊ. ते हसले आणि म्हणाले, "परवाना बघू या आधी." ह्यांनी खिशातून पुस्तक काढून दिलं. भाईंनी चष्मा लावून वाचलं, फोटो पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्यांनी रायफल ह्यांच्या हातातून अलगद काढून घेतली.

"बाईसाहेब," ते मला म्हणाले, "तुम्ही मागं का बसलात? पुढं या. परवाना तुमचा हाय."

तर ही गोष्ट त्या बंदुकीची. ती घेतली त्याला आता पंधराएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा पिंपळसोंडची सरपंच होते. सोडतीत सरपंचपद बाईला सुटलं, आणि आमचे हे, म्हणजे दिगंबर नलवडे, गावाचे दिगूअण्णा, सरपंच व्हायचे राहिले. पण राहिले ते फक्त कागदावर. सह्या माझ्या, बाकी सगळं त्यांचं. मीटिंगला ते जायचे, हार ते घालून घ्यायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन "इथं कर, इथं कर" म्हणत बोट ठेवतील तिथं मी सही करायची. गाव याला चूक म्हणत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही म्हणत नव्हते.

बंदूक माझ्या नावावर का, तर ह्यांच्या नावावर मिळेना म्हणून. सोसायटीच्या निवडणुकीत ह्यांनी एकाचं डोकं फोडलं होतं. ती केस अंगाला चिकटलेली, त्यामुळे ह्यांचा अर्ज दोनदा परत आला. बंदुकीची हौस मात्र लग्नाआधीपासूनची. तालुक्याला ज्याच्या ज्याच्या जीपमध्ये बंदूक होती, त्याच्याबद्दल हे इतक्या मायेने बोलायचे की सख्ख्या भावाबद्दलही कधी बोलले नाहीत.

मग वाळूचं प्रकरण झालं.

आमच्या गावाला पाणी मिळतं ते सीना नदीच्या पात्रातल्या विहिरीचं. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, म्हणून विहीर उन्हाळ्यातही आटत नाही. वरच्या अंगाच्या गावांनी वाळू उपसू दिली आणि त्यांच्या विहिरींत आता कुत्री झोपतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ही विहीर नव्हती. डोक्यावरून पाणी आणताना माझं पहिलं पोर पोटातच गेलं. त्यामुळे दत्ता मिसाळ नावाच्या वाळूवाल्याने आमच्या पात्राला हात घालायचं ठरवलं आणि ग्रामपंचायतीची ना हरकत मागितली तेव्हा मला तेच दिवस पुन्हा दिसायला लागले. पण हेच ग्रामसभेत उठून उभे राहिले. "आमच्या आयाबहिणींच्या डोक्यावर पुन्हा हंडा येऊ देणार न्हाई" असं भाषण केलं. वाळू द्यायची नाही असा ठराव झाला. खाली सही माझी. त्या दिवशी नवऱ्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

आठवडा झाला नाही तोच फोन आला. हे घरी नव्हते, मीच उचलला. अनोळखी आवाज होता. म्हणाला, "ठराव मागं घ्या, सरपंचीणबाई. न्हाईतर पोरीला एकटीला यष्टीनं कॉलेजला धाडत जाऊ नका."

आमची प्राजक्ता तेव्हा अकरावीत होती. मी दुसऱ्याच दिवशी तिला बार्शीला माझ्या भावाकडे नेऊन सोडलं. घरात लेकीचा आवाज नाही, रात्री झोप नाही, दारावर कुत्रं भुंकलं तरी मी उठून कडी बघायची. ह्यांना म्हटलं, नको तो ठराव, घेऊ या मागे. गाव पाण्यावाचून राहिलं तर राहू दे, मला माझी पोर पाहिजे. हे म्हणाले, भ्यायचं नाही, आपण बंदूक घेऊ. तुझ्या जिवाला धोका आहे, तुझ्या नावावर परवाना नक्की मिळेल.

परवाना देणाऱ्या सोलापूरच्या मोठ्या साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, धोका कुणापासून आहे? हे उत्तर द्यायला लागले, तर साहेब म्हणाले, मॅडमना बोलू द्या. मी फोनचं सांगायला लागले आणि प्राजक्ताचं नाव घेताच मला रडू फुटलं, ते काही थांबेना. साहेबांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला. बाहेर पडल्यावर हे व्हरांड्यात खालच्या आवाजात म्हणाले, "बरं झालं रडलीस."

मला वाटलं, मन मोकळं झालं म्हणून म्हणतायत.

तर परवाना असा आला, आणि आता मी मुर्तुझाभाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसले होते आणि हे बाजूला उभे होते. भाईंनी तीच लांब रायफल माझ्या हातात दिली. खांद्याला लावली तर नळी सरळ जमिनीकडे गेली. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरावी तसा दंड थरथरायला लागला. दुसरी दिली, तिचा दस्ता इतका लांब की माझं बोट चापापर्यंत पोचेना. हे म्हणाले, "तिला उचलायची थोडीच हाय? तिनं फक्त नावाला."

"साहेब," भाई म्हणाले, "कायदा असा हाय की ज्याच्या नावाला, त्याच्याच हाताला." आणि मला विचारलं, "तुम्हाला कशी पाहिजे, बाईसाहेब? तुम्ही सांगा."

दुकानात जाऊन मला कशी पाहिजे हे कुणी विचारायची सवय नव्हती. साडी घेतानाही ह्यांचाच रंग असायचा. मी जरा विचार करून म्हटलं, "मला उचलता यावी. आणि लोकांना दिसू नये."

ह्यांनी कपाळाला हात लावला. भाई मात्र आत गेले आणि एक चपटी चामड्याची पेटी घेऊन आले. आत मखमलीवर दोन तुकडे. एक नळीचा, एक लाकडी दस्त्याचा. म्हणाले, कार्बाईन हाय, म्हणजे आखूड रायफल, एका संस्थानिकाच्या नातवानं विकायला ठेवली. बाहेरदेशची, जुनी, पण ठणठणीत. गोळी पिस्तुलाची लागते, म्हणून धक्का कमी. कागदावर रायफलच आहे, त्यामुळे परवान्यात बसते. शिकारीला काही उपयोगाची नाही, लांबचं लागत नाही. पण पेटीत मावते, पेटी पिशवीत मावते.

त्यांनी दोन तुकडे जोडून दाखवले, पुन्हा सोडवले आणि पेटी माझ्यापुढे सरकवली. मी नळी खोबणीत घातली, अर्धा फेरा दिला, आणि मिक्सरचं भांडं बसतं तशी ती खट्कन बसली. खांद्याला लावली, तर जिकडे बघेन तिकडे नळी. मला काय झालं कोण जाणे, हसू यायला लागलं.

"हीच," मी म्हटलं.

ह्यांनी पुष्कळ समजावलं. पिशवीत लपवायची तर बंदूक कशाला, मग पोळपाट-लाटणं घेऊन फिर. लोक म्हणतील दिगूअण्णानं जत्रेतलं खेळणं आणलं. शत्रूला दिसलीच नाही तर तो भ्यायचा कशाला? त्यातलं शेवटचं मला पटण्यासारखं होतं. पण भाईंनी विक्रीच्या कागदावर सही मागितली ती माझी. पेन माझ्या हातात, आणि पहिल्यांदाच कुणी बोट ठेवून "इथं कर" म्हणालं नाही.

दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. त्या वर्षी ह्यांनी अर्ध्या गावाला बोलावलं होतं. सोप्यात पाटावर लाल कापड, मध्ये उघडलेली पेटी, तिच्यात दोन तुकडे. लोक वाकून वाकून बघत होते. आमचे चुलत सासरे गेनूतात्या बराच वेळ बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "अरारा. आणली आणि मोडली पण?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मोडली न्हाई तात्या, ती अशीच असती. जोडायची असती."

"मग जोड की."

आता जोडायची तर हात माझाच पाहिजे. पोलीस ठाण्यात नोंद करताना फौजदारांनी चारचौघांत बजावलं होतं. आणि फौजदार पूजेच्या प्रसादाला समोरच बसलेले. मी पदर खोचला, बायकांतून उठून पुरुषांच्या मध्ये आले आणि नळी बसवली. खट्. मग गेनूतात्या म्हणाले, "सूनबाईला येतंय की." ह्यांनी घाईने सगळ्यांना पेढे वाटले.

पहिले काही दिवस हे पेटी घेऊन एकटेच जीपमधून फिरले. मग एकदा तालुक्याच्या रस्त्यावर नाकाबंदीत अडकले. नवीन आलेल्या अधिकाऱ्याने परवाना मागितला, फोटो पाहिला, ह्यांच्या मिशा पाहिल्या आणि दोन तास खाली बसवून ठेवलं. ओळखीचे फौजदार आले म्हणून सुटले. पण त्यांनीही हात जोडून सांगितलं की अण्णा, दुसऱ्याच्या नावाचं हत्यार घेऊन फिरू नका, आत जाल. फिरायचंच असेल तर मालकिणीला बरोबर ठेवा.

इथे ह्यांची पंचाईत झाली. बंदूक पाहिजे तर बायको पाहिजे, आणि बायको घरी ठेवायची तर बंदूकही घरी राहणार. एक आठवडा त्यांनी बंदुकीवाचून काढला. मग एके सकाळी म्हणाले, "चल, आवर. पंचायत समितीत मीटिंग हाय."

"मी येऊन काय करू?"

"काय न्हाई करायचं. पिशवी घेऊन बसायचं."

तशी मी बसायला लागले. पंचायत समितीत बसले, तहसीलदारांच्या दालनात बसले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसले. हे मोठ्याने बोलायचे आणि मध्येच माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे सगळ्यांचं लक्ष जाईल असं बघायचे. लोकही चपापून बघायचे. पण पिशवीकडे बघताना त्यांना मी दिसायचे, त्याला ह्यांचा इलाज नव्हता. हळूहळू गटविकास अधिकारी मला मॅडम म्हणायला लागले. आमचे ग्रामसेवक लोंढे भाऊसाहेब, ते आजवर कागद ह्यांच्याकडे द्यायचे. आता मी समोरच आहे आणि हे गप्पांत आहेत म्हटल्यावर माझ्यापुढे ठेवायला लागले. सही करण्याआधी कागद आपोआप वाचला जातो, हे मला तेव्हा कळलं. हातात पिशवी आणि तोंडाला कुलूप, दुसरं करायचं तरी काय? मी ऐकत राहिले. कोण कुणाचा, कुठली फाइल का अडते, ना हरकत म्हणजे नेमकं काय, एकदा दिली की परत का घेता येत नाही, सगळं कानावर पडत गेलं.

आणि एक गोष्ट खटकत गेली. वाळूचा विषय निघाला की हे बोलणं दुसरीकडे न्यायचे.

मग थंडीच्या दिवसांत एका दुपारी म्हणाले, दत्ता मिसाळनं मळ्यावर जेवायला बोलावलंय, जाऊन येऊ. माझ्या हातातला तवा खाली पडला. ज्याच्यामुळे माझी लेक बार्शीला, त्याच्या घरी जेवायला? हे म्हणाले, वैर धरून गाव चालत नाही. समोरासमोर बसू, मिटवू. आणि आता आपल्याजवळ बंदूक आहे, घाबरायचं काय कारण?

मिसाळचा मळा नदीच्या पलीकडे होता. लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलेलं. मिसाळ पन्नाशीचा, अंगाने आडवा, गळ्यात जाडजूड साखळी. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि वहिनी वहिनी म्हणत खुर्ची दिली. जेवण झालं. मग मिसाळने हात पुसले आणि म्हणाला, तुमची बंदूक बघायची आहे, फार ऐकलंय. हे खुशीने म्हणाले, "काढ गं."

मी पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. ह्यांनी मग मुख्य विषय काढला. ठराव फिरवायचा. येत्या ग्रामसभेत, गाळ काढायचा म्हणून वाळू उपसायला ना हरकत द्यायची. मिसाळ गावाच्या देवळाला सभामंडप बांधून देणार आणि आमच्या घरालाही विसरणार नाही. हे सगळं आधीच ठरलेलं होतं. बोलण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं. आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा हा नुसता भाव चढवायला होता. मला माझ्या अभिमानाची लाज वाटली.

"आणि विहीर?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "विहिरीचं बघू नंतर. बोअर मारता येईल."

"मी सही करणार नाही."

"अगं, तुला कोण विचारतंय..."

"सही माझी लागते. ज्यानं माझ्या पोरीचं नाव घेऊन धमकी दिली, त्याला मी नदी देणार नाही. ह्यांना काय द्यायचं ते देऊ द्या, माझी सही ह्यांना देता येणार नाही."

मिसाळचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, आता हा काहीतरी करणार. मी पेटीवर हात ठेवला. पण तो रागावला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी.

"वहिनी," तो म्हणाला, "मी वाळू चोरतो. हप्ते देतो. दोन नंबरचा माणूस हाय, सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय. पण बायापोरींना धमकावायचा धंदा न्हाई माझा. माझ्या घरातबी दोन पोरी हायत."

"मग फोन कुणी केला?"

"दत्ताभाऊ," हे मध्येच म्हणाले, "जाऊ द्या आता ते."

"का जाऊ द्या? माझ्या नावावर कशाला?" मिसाळ माझ्याकडे वळला. "फोन माझ्या ड्रायव्हरनं केला. खरं हाय. पण सांगितला ह्यांनी. परवान्याला धमकी लागती, तेवढी एक देऊन टाक म्हणाले. पोरीचं नाव घाल, हेबी ह्यांनीच सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल. नवराबायकोत ठरलं असंल."

मिसाळची बायको ताटं न्यायला आली होती, ती ताटं न नेताच परत गेली. मी पेटी पिशवीत घातली आणि जीपमध्ये मागे जाऊन बसले.

नदीचा पूल मागे पडेपर्यंत हे जीप जोरात हाकत होते. मग आरशात बघून म्हणाले, "तुला सांगणारच होतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"अगं, आधी सांगून उपयोग नव्हता. साहेबापुढं तुला खोटं बोलायला जमलं नसतं. तुझी भीती खरी दिसायला पाहिजे होती. आणि दिसली की. मिळाला का न्हाई परवाना?"

सात महिने. सात महिने मी रात्री उठून कडी बघत होते, आणि हा माणूस शेजारी घोरत होता. लेकीला बार्शीला सोडताना ती रडत होती, मी रडत होते, आणि हे जीपमध्ये बसून म्हणाले होते, चला लवकर, ऊन होतंय. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. इतकी वर्षं संसार केला, पण असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या मांडीवर काय आहे, हे बहुतेक आम्हा दोघांना एकदमच आठवलं. ह्यांनी आरशातून पिशवीकडे पाहिलं. जीप जरा हळू झाली.

"घाबरू नका," मी म्हटलं. "दोन तुकड्यांत आहे."

दुसऱ्या दिवशी मी एकटी एसटीने बार्शीला गेले आणि प्राजक्ताला घेऊन आले. तिने विचारलं, आई, आता भीती नाही का? म्हटलं, त्या लोकांची नाही.

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती. मधल्या दिवसांत ह्यांनी सगळे उपाय करून पाहिले. चिडले, जेवण सोडलं, संध्याकाळी परत जेवले. मिसाळला शब्द दिलाय म्हणाले, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणाले. माझ्या भावाला फोन करून माझी तक्रार केली. भाऊ सगळं ऐकून म्हणाला, दाजी, ताईशीच बोला.

ग्रामसभेच्या सकाळी त्यांनी कडक इस्त्रीचे कपडे घातले, मिशांना तेल लावलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "चल. पिशवी घे."

"पिशवी येणार नाही आज. कपाटात ठेवली आहे."

"कपाटात? घर मोकळं टाकून?" ते खरोखर दचकले. गावात मागच्या महिन्यातच दोन घरं फुटली होती. हत्यार चोरीला गेलं तर परवानेवाल्यावर काय बालंट येतं, हे आम्हाला फौजदारांनी नीट समजावलं होतं.

"मोकळं कुठं? तुम्ही आहात ना. तुम्ही थांबा."

"मी? आणि ग्रामसभा?"

मी त्यांना शांतपणे सांगितलं. मला आता राग उरला नव्हता, नुसतं ठरलेलं होतं. "तुम्ही सभेत आलात, ठराव फिरवा म्हणालात, तर मला उठून फोनचं सांगावं लागेल. कुणी केला, कुणी करायला लावला, पोरीचं नाव कुणी घातलं, सगळं. आणि नाही आलात, तर विचारतील त्यांना सांगेन की अण्णा घरी थांबलेत, बंदूक राखायला माणूस पाहिजे. काय ते तुम्हीच बघा."

ते काही वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांना फक्त सगळ्या गोष्टी दिसायला पाहिजे होत्या, आणि न दिसणाऱ्या गोष्टींचा त्यांना कधी हिशोबच लागला नाही. शेवटी त्यांनी सोप्यातली लाकडी खुर्ची ओढत आत नेली आणि कपाटासमोर ठेवून तिच्यावर बसले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. मी कपाटाची किल्ली कमरेला लावली आणि निघाले.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली होती. मिसाळ स्वतः आला नव्हता, त्याची दोन माणसं मागे मोटारसायकलला टेकून उभी होती. भाऊसाहेबांनी विषय वाचला. मी उठले आणि जुना ठराव कायम ठेवावा असं बोलले. भाषण मला येत नव्हतं. वरच्या गावच्या बाया आता कुठून पाणी आणतात ते सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हा कुठून आणत होते ते सांगितलं. पोटातल्या पोराचं सांगणार नव्हते, तेही सांगून गेले. एकाने विचारलं, धमकी आली होती तिचं काय झालं? मी म्हटलं, ती मिटली. आधी बायकांचे हात वर गेले, मग त्यांच्याकडे बघून पुरुषांचे. मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा भाऊसाहेब अजून हात मोजत होते.

घरी आले तेव्हा हे तसेच खुर्चीवर बसलेले होते. जेवलेही नव्हते. प्राजक्ताने कॉलेजातून आल्यावर ताट वाढून ठेवलं होतं ते झाकलेलंच.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली. ठराव कायम आहे."

"मिसाळची माणसं?"

"आली होती. गेली."

त्यांनी मान हलवली. मग गळ्यातलं उपरणं काढून त्याची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं काय सांगितलंस? कुणी विचारलं असंल ना, अण्णा का आले नाहीत म्हणून?"

मी काय सांगायचं ते तयार करून गेले होते. येताना वाटेत लक्षात आलं होतं की ते कुणाला सांगायची वेळच आली नाही. एक क्षण वाटलं, खोटं बोलावं. विचारत होते सगळे, म्हणावं.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच विचारलं नाही."